रीफ टाकीतले डंखवाले: आधी ओळख, मग इंजेक्शन

खारवट (धागाकर्ता)

रीफ टाकीत, म्हणजे जिवंत कोरल पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, "खडकावर काहीतरी उगवलंय, काय करू?" या प्रश्नाला ठरलेलं उत्तर मिळतं: ॲप्टेशिया (तणासारखं पसरणारं छोटं समुद्रफूल) आहे, इंजेक्शन मार. बऱ्याचदा ते बरोबर निघतंही. पण डंख मारणारे जीव एकाच जातीचे नसतात, आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला पसरायला मदतच करतो. मी ओळखीपासून सुरुवात करतो, बंदोबस्ताचं जाणकारांनी प्रतिसादांत लिहावं.

ॲप्टेशिया: पारदर्शक तपकिरी, देठ लांब, वर चपटी तबकडी, तबकडीच्या मधोमध तोंड, कडेने टोकाकडे निमुळती होत गेलेली लांब शुंडकं. बूड बहुतेक वेळा खडकाच्या भोकात. पिपेटने पाण्याचा हलका फवारा मारा, डोळ्याची पापणी लवायच्या आत ती बिळात ओढली जाते. जास्त छेडली तर देठातून बारीक पांढरे धागे बाहेर पडतात. हे ॲकॉन्शिया, दंशपेशींनी गच्च भरलेले. शेजारच्या कोरलला शुंडकं जाळतात तसेच हे धागेही जाळतात. शास्त्रीय नाव एक्झाप्टेशिया डायाफाना. कोरल आणि त्यातल्या सहजीवी शैवालाचं नातं अभ्यासायला प्रयोगशाळांत हीच पाळतात, कारण ती सहज वाढते आणि सहसा मरत नाही. आपली तक्रार नेमकी त्याच गुणाबद्दल आहे.

माजानो: देठ आखूड, शुंडकं आखूड आणि टोकाशी फुगीर. रंग हिरवट, कधी टोकं जांभळी-गुलाबी. निळ्या दिव्याखाली झगमगते, म्हणून सुरुवातीला लोक कौतुकाने ठेवतात. छेडली तर आक्रसते, पण ॲप्टेशियासारखी गायब होत नाही.

हायड्रॉइड: इथे एक देठ नसतो, जाळं असतं. खडकाला चिकटून धावणाऱ्या बारीक मुळ्यांसारख्या दोऱ्या आणि त्यांवर जागोजागी उभे पॉलिप (तोंड आणि शुंडकं असलेले बारके जीव). काही पांढऱ्या केसासारखे एकेरी, काही तपकिरी झुबक्यासारखे. तपकिरी झुबकेवाल्यांत मायरिओनेमा जास्त चिवट, कारण त्यात शैवाल असतं आणि ते उजेडावर जगतं.

गोळीच्या टोकांचे (स्यूडोकोरिनॅक्टिस): पारदर्शक, शुंडकांच्या टोकांना नारिंगी किंवा पांढरे मणी. रात्री उघडतात. एखाद-दुसरा असला तर मी हात लावत नाही. मोठा झाला की गोगलगाय आणि तारामासा धरायला लागतो, तेव्हा काढावा.

आणि उगाच मार खाणारे: पंख्यासारखी तोंडं काढणारे फेदर डस्टर. नळीत राहतात, शुंडकं पिसासारखी असतात. ते निरुपद्रवी गाळणीवाले, त्यांना मारू नका.

निळा_दिवा

चांगला धागा. माझा प्रश्न माजानोबद्दल. दीड सेंटिमीटरचं हिरवं, फुगीर टोकांचं एक आहे. बबल टिप ॲनिमोनीचं (लोक मुद्दाम पाळतात त्या समुद्रफुलाचं) पिल्लू नाही ना? मारून बसायचो.

खारवट

टाकीत आधीपासून बबल टिप नसेल तर पिल्लू येणार कुठून? फुकट आलेलं हिरवं बहुधा माजानोच. तरी घाई करायची नसेल तर तो दगड वेगळ्या लहान टाकीत दोन-तीन आठवडे ठेवा. बबल टिप बूड कपारीत खोल दडवते आणि जागा पसंत नसेल तर चालत निघते. माजानो तिथेच बसते आणि आजूबाजूला आणखी बारकी दिसायला लागतात. बारकी दिसली की प्रश्न संपला.

सम्पाखाली

बंदोबस्ताचं मी घेतो. एकच गोष्ट डोक्यात ठेवा: तोंड मारून उपयोग नाही, बूड मेलं पाहिजे. ॲप्टेशिया सरकताना किंवा ओरबाडली जाताना बुडाच्या तबकडीचे बारीक तुकडे मागे सोडते आणि प्रत्येक तुकड्यातून नवीन उगवते. म्हणून चिमट्याने उपटणं, ब्रशने घासणं, ब्लेडने कापणं हे टाकीत कधीच नाही. एकाच्या जागी पाच होतात ते यामुळे.

कल्कवासरची (कॅल्शियम हायड्रॉक्साइडची) पेस्ट सगळ्यांत स्वस्त आणि भरवशाची. ५ ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड १० मिलि आरओ पाण्यात कालवा. भिंतीला लावायच्या चुन्यापेक्षा जाड, टूथपेस्टपेक्षा पातळ. भुकटी लगेच खाली बसते, म्हणून सिरिंज भरण्याआधी दर वेळी ढवळा. सिरिंज ३ मिलिची, सुई बोथट टोकाची, १८ गेज. बारीक सुई घेतलीत तर दुसऱ्याच थेंबाला तुंबते, मग जोर लावता आणि सगळी पेस्ट एकदम उडते. लांब पोहोचायचं असेल तर सिरिंजला कडक एअरलाइन नळी जोडा, पण नळी आधी पेस्टने पूर्ण भरून घ्या. आत हवा राहिली की आधी बुडबुडा बाहेर येतो आणि ती बिळात पळते.

पंप, पावरहेड (टाकीत प्रवाह देणारा पंप), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद करा आणि पाणी थांबायला पाच मिनिटं द्या. तिच्या शेजारी चिमूटभर खाणं सोडा म्हणजे तोंड उघडेल. सुई वरून सावकाश आणा, देठाला स्पर्श होऊ देऊ नका. टोक तोंडाच्या दोन-तीन मिलिमीटर वर आलं की पहिला थेंब सोडा. तिला तो घास वाटतो: तबकडी खोलगट होते, शुंडकं मुठीसारखी आत मिटतात. त्याच क्षणी थेंबाथेंबाने ०.३ ते ०.५ मिलि आत ढकला आणि ती आक्रसत जाईल तसं बिळाचं तोंड पेस्टने बुजवा. बूड मरतं ते या शेवटच्या बुजवण्यामुळे. सुई मांसात खुपसू नका. खुपसली तर ती तोंड मिटून आत जाते आणि पेस्ट बाहेरच राहते.

पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्या. मग ५ मिलिमीटरच्या नळीने पांढरा गाळ आणि सुटलेली शुंडकं सायफनने बाहेर ओढा, त्यानंतर पंप चालू. गाळ तसाच ठेवून पंप चालू केला की तो कोरलवर बसतो आणि तिथलं मांस जाळतो. शुंडकांचंही तेच, सुटलेलं शुंडकही डंख मारतं. दंशपेशीला मेंदूची परवानगी लागत नाही. हायड्राच्या दंशपेशीचा काटा सुटायला ७०० नॅनोसेकंद लागतात असं २००६ साली मोजलं गेलं, म्हणजे हात मागे घेईपर्यंत सगळं उरकलेलं असतं.

आठ-दहा दिवसांनी तीच जागा भिंगाने बघा. भोवती बारक्या दिसल्या तर बूड उरलं होतं, पुन्हा करा. आणि ॲप्टेशिया-एक्ससारखं तयार द्रव वापरत असाल तरी पद्धत हीच, फक्त ते जास्त चिकट असल्याने आत नेणं सोपं जातं.

अर्धा_चमचा

पूरक माहिती: एका दिवशी किती मारायच्या? "पाच-सहाच मार" असं ऐकिवात येतं, त्याचा हिशोब असा. १ ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे सुमारे २७ मिलिइक्विव्हॅलंट अल्कलिनिटी (पीएच टिकवून धरायची पाण्याची क्षमता). २०० लिटरमध्ये ते सगळं विरघळलं तर ०.३८ डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक). वरच्या प्रमाणात १ मिलि पेस्टमध्ये अंदाजे ०.४ ग्रॅम भुकटी असते. प्रत्येकी अर्धा मिलि धरलं तर दहा ॲप्टेशियांना २ ग्रॅम, म्हणजे पाऊण डीकेएच. अल्कलिनिटी एकदम एवढी उडाली तर अॅक्रोपोरासारख्या नाजूक कोरलला आवडत नाही. बराचसा भाग गाळ होऊन बाहेर जातो हे खरं, पण पीएचचा झटका त्याआधीच बसतो. म्हणून २०० लिटरला दिवसाला पाच-सहा ठीक, १०० लिटरला तीन. पीएच ८.५ च्या वर चालला तर थांबा. रात्री पीएच मुळातच खाली असतो, त्यामुळे दिवे लागायच्या आधीची वेळ चांगली, फक्त ॲप्टेशिया दिसायला टॉर्च हवी.

कॉस्टिक सोडा काही लोक वापरतात. काम जलद करतो, पण हाताला आणि डोळ्याला खराच धोका, आणि पीएच कितीने उसळेल याचा अंदाज येत नाही. कल्कवासर असताना त्याची गरज मला तरी दिसत नाही. लिंबू-व्हिनेगर बारक्यांवर चालतं, मोठ्या उलटून उभ्या राहतात.

निळा_दिवा

आणि उकळतं पाणी?

सम्पाखाली

चालतं, पीएचची भानगड नाही. आरओ पाणी उकळून ५ मिलि सिरिंजमध्ये भरा आणि काही सेकंदांत वापरा. लांब नळीतून नेलं तर पोहोचेपर्यंत कोमट होतं. टोक अगदी तोंडाला भिडलेलं हवं. उघड्या, सपाट जागेवरच्या माजानोला हे चांगलं, कारण ती पळत नाही. खोल बिळातल्या ॲप्टेशियाला निम्मं पोहोचतं आणि बूड वाचतं.

रबरी_मोजे

इथे मध्ये पडतो, कारण उकळत्या पाण्यावरून गोष्ट पुढे "दगडच उकळून टाकू" इथवर जाते. खारवट यांनी धाग्याच्या सुरुवातीलाच लिहायला हवं होतं, इतकं हे महत्त्वाचं आहे: दगडावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ (गुच्छाने वाढणारे बटणासारखे पॉलिप) असेल, किंवा पूर्वी होतं अशी शंका असेल, तर तो दगड उकळू नका, भट्टीत भाजू नका, गरम पाण्याने धुऊ नका. त्यांत पॅलिटॉक्सिन असू शकतं. १९७१ मध्ये हवाईतल्या पॅलिथोआतून ते शुद्ध स्वरूपात काढलं गेलं आणि आजवर माहीत असलेल्या अत्यंत जहाल नैसर्गिक विषांत त्याची गणना होते. उकळण्याने ते नाहीसं होत नाही, वाफेतल्या तुषारांबरोबर हवेत येतं आणि घरातले सगळे आजारी पडतात. दगड उकळून अख्खं कुटुंब रुग्णालयात गेल्याच्या नोंदी आहेत. झोअँथिडच्या चार बोटांच्या परिसरातही उकळतं पाणी मारू नका.

बाकी: नायट्राइल मोजे आणि चष्मा. सिरिंजचं टोक तुंबलं की जोर लावल्यावर पेस्ट उलट उडते, ती डोळ्यात गेली तर आधी भरपूर वाहतं पाणी, मग डॉक्टर. हाताला डंख झाला तर समुद्री मिठाच्या पाण्याने धुवा, चोळू नका. गोड्या पाण्याने कातडीला चिकटलेल्या, न फुटलेल्या दंशपेशी फुटतात.

खारवट

खरंय, चूक माझी. धागा संपादित करून वर टाकतो.

शेवाळं

हायड्रॉइडवर कुणीच लिहिलं नाही अजून, म्हणून लिहितो. कल्कवासर इथे फारसं कामाचं नाही. जाळ्यातला एक पॉलिप मेला तरी दोरी जिवंत असते आणि शेजारून नवीन पॉलिप काढते. टाकीत घासलं तर तुकडे प्रवाहातून जाऊन दुसऱ्या खडकावर बसतात.

दगड सुटा असेल तर बाहेर काढा. टाकीचंच पाणी घेतलेल्या बादलीत जुन्या टूथब्रशने घासा, पाणी बदलून दोन-तीन वेळा धुवा, ते पाणी नाल्यात. मग जागा टिपून कोरडी करा आणि सायनोअॅक्रिलेट जेल गोंदाचा थर सगळ्या जाळ्यावर, जाळ्याच्या कडेपलीकडे निदान एक सेंटिमीटर फासा. कडा उघडी राहिली की दोरी तिथूनच बाहेर निघते. कोरल नसलेला दगड असेल तर गोंदाच्या भानगडीत न पडता वाळवून टाका.

फेनबेंडाझोल (जंतांवरचं औषध) हायड्रॉइड मारतं हे बरोबर. डंखाने हैराण झालेले बुटके समुद्रघोडे पाळणारे ते वापरतात. पण ते जाती बघून मारत नाही. मऊ कोरल, ब्रिसल वर्म (केसाळ किडे), काही गोगलगाई त्यात जातात आणि सच्छिद्र खडक ते शोषून घेऊन पुढे बराच काळ सोडत राहतो. मुख्य टाकीत कधीच नाही. दगड वेगळ्या बादलीत ठेवून करायचं असेल तर तो दगड परत टाकीत येणार नाही असं धरूनच.

आणि खाणं बघा. पांढरे, शैवाल नसलेले हायड्रॉइड बारीक खाण्यावर वाढतात: रोटिफर, आर्टेमियाची नवजात पिल्लं, कोरलची भुकटी. रोज भुकटी टाकायची आणि रोज हायड्रॉइड घासायचे हा उद्योग कधी संपत नाही. काचेवर एक-दोन मिलिमीटरची चांदणीसारखी, फांद्या फुटलेल्या शुंडकांची जेली चालताना दिसली तर ती स्टॉरोक्लेडिया. खाणं कमी केलं की आपोआप कमी होते, तिच्यामागे लागू नका.

रात्रपाळी

एवढी सुई-पेस्ट करण्यापेक्षा ज्यांच्याकडे ॲप्टेशिया शंभरच्या घरात आहेत त्यांनी बर्गिया गोगलगाय आणावी असं माझं मत. बर्गिया स्टेफनी, जेमतेम दोन सेंटिमीटरची, पाठीवर पिसांसारखे उभार. ॲप्टेशियाशिवाय दुसरं काही खात नाही आणि खाल्लेल्या ॲप्टेशियाच्या दंशपेशी न फुटू देता आपल्या पाठीवरच्या उभारांत साठवते. म्हणजे बिळात घुसून बुडापर्यंत खाते, जिथे आपली सुई पोहोचत नाही.

पण लोक एक आणतात, दुपारी दिव्याखाली सोडतात, आणि महिन्याने म्हणतात काही झालं नाही. निदान सहा-आठ आणा. प्रत्येक जीव उभयलिंगी असतो, पण अंडी घालायला जोडीदार भेटावा लागतो, म्हणून सगळ्या एकाच ठिकाणी सोडा, टाकीभर विखरू नका. दिवे बंद झाल्यावर, पंप बंद करून, पिपेटने थेट ॲप्टेशियाच्या दगडाच्या बुडाशी. ॲप्टेशियाच्या तोंडावर सोडू नका, मोठी ॲप्टेशिया लहान बर्गियाला गिळते. पावरहेडच्या तोंडाला स्पंज लावा. पांढरी चक्राकार अंड्यांची माळ दिसली की बेत जमला. पाण्याच्या तापमानानुसार पिल्लं साधारण दोन आठवड्यांत बाहेर येतात. पहिले दोन महिने वर काही फरक दिसणार नाही, मग अचानक एक कोपरा मोकळा होतो.

मुख्य अट: टाकीत सिक्स लाइन रास, मेलानुरस रास हे मासे किंवा पेपरमिंट कोळंबी असेल तर बर्गिया म्हणजे महागडं खाणं. आणि बर्गिया सोडल्यावर सुई-पेस्ट बंद. मेलेली किंवा चुन्याने माखलेली ॲप्टेशिया त्यांच्या कामाची नाही.

शेपटीवाला

पेपरमिंट कोळंबीचं नाव शत्रूच्या यादीत? बऱ्याच टाक्या तिनेच साफ केल्यात.

रात्रपाळी

साफ करते, पण लहान ॲप्टेशिया. तीन सेंटिमीटरच्या तबकडीला ती हात घालत नाही. शिवाय पोट भरलेली असली तर बघतही नाही, रात्री कोरलच्या तोंडातलं खाणं ओढून नेते. दोन्ही चालतात, एकत्र नाही. एक निवडा.

खारवट

शिवाय पेपरमिंट म्हणून उंट कोळंबी गळ्यात पडते, तो वेगळाच घोळ. ऱ्हिंकोसिनेटिस दुर्बानेन्सिस. पाठीला वशिंड, डोळे मोठे, लाल अंगावर ठळक पांढरे पट्टे आणि ठिपके. ही मऊ कोरल खाते. पेपरमिंटचं अंग पारदर्शक, त्यावर बारीक लाल उभ्या रेषा, पांढरा ठिपका नाही, वशिंड नाही. पिशवीत असतानाच बघून घ्या, कारण टाकीत सोडल्यावर दिवसा दिसत नाही.

फाइलफिशबद्दल (अॅक्रेइक्थिस टोमेंटोसस): ॲप्टेशिया खातो, काही मासे माजानोही टिपतात, पण ते संपल्यावर झोअँथिड आणि मांसल कोरल चाखतो. गोठवलेलं मायसिस (बारीक कोळंबीसारखं खाणं) खाणारा असेल तरच घ्या, म्हणजे नंतर उपाशी मरणार नाही. कॉपरबँड बटरफ्लायला ४००-५०० लिटरची टाकी लागते आणि तो खायला लागेल याची हमी नाही. ॲप्टेशियासाठी मासा आणणं हा माझ्या मते शेवटचा उपाय.

निळा_दिवा

माझं युफायलिया कोरल एका बाजूने पांढरं पडलंय, पण आसपास ॲप्टेशिया, हायड्रॉइड काहीच नाही. ब्रिसल वर्म?

शेवाळं

ब्रिसल वर्म बहुधा मेलेलं मांस साफ करायला आलेत, मारेकरी ते नव्हेत. नेहमीचा गुलाबी-करडा युरिथोई कोरल खात नाही. डंख त्याच्या केसांचा, तोही आपल्या बोटांना. केस घुसले तर चिकटपट्टी लावून ओढून काढा, चोळू नका. खरा फायरवर्म (हर्मोडाइस) कोरल खातो. दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे झुबके, त्यांच्या मुळाशी लाल गलफडी, डोक्यावर घडीघडीचा मांसल तुरा. तो आढळला तरच पकडा: झाकणाला बोटभर भोक पाडलेली बाटली, आत कोळंबीचा तुकडा, रात्रभर खडकापाशी.

तुमच्या बाबतीत शेजारी गॅलेक्सिया कोरल आहे का? ते रात्री लांबलचक शिकारी शुंडकं सोडतं. दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी लाल टॉर्चने बघा.

निळा_दिवा

आहे. १२ सेंटिमीटरवर. बघितलं, शुंडकं युफायलियापर्यंत पोहोचताहेत.

शेवाळं

मग किडा नाहीच. गॅलेक्सियाला २५-३० सेंटिमीटर मोकळी जागा द्या, तीही प्रवाहाच्या खालच्या बाजूला. प्रवाहात वर ठेवलं तर शुंडकं आणखी लांब वाहतात.

सम्पाखाली

शेवटी नवीन येऊ नयेत म्हणून. फ्रॅगला (नवीन आणलेल्या कोरलच्या तुकड्याला) दिलेला आयोडीनचा किंवा तयार डिप (बुडवायचं औषधी द्रव) ॲप्टेशियाचं बूड मारत नाही, त्यावर विसंबू नका. ॲप्टेशिया येते ती बहुधा प्लगच्या (फ्रॅग चिकटवलेल्या छोट्या बैठकीच्या) खालच्या बाजूला, देठाच्या खाचेत. फ्रॅग प्लगवरून कापून घ्या, गोंद लागलेला भागही तोडा, नवीन प्लगवर चिकटवा, जुना प्लग फेका. चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा आणि दर आठवड्याला रात्री प्लग उलटा करून बघा.

निळा_दिवा

वाचनखूण साठवली. एकच शंका: बर्गियाने टाकी साफ केली तर ओव्हरफ्लोच्या (टाकीतलं पाणी सांडून खाली जातं त्या) डब्यातल्या ॲप्टेशियांचं काय? तिथे उजेडही नाही, तरी आहेत.

सम्पाखाली

उजेड नसला तरी वाहत्या पाण्यातलं खाणं मिळतं, त्यावर जगतात. शैवाल गेलेल्या असतात, म्हणून पांढरट, काचेसारख्या दिसतात, ओळखायला चुकतात. त्या आधी संपवा, नाहीतर तिथूनच परत येतील. डबा रिकामा करून काच घासायच्या प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. इथे खरवडणं चालतं कारण भोकं नाहीत, पण खरवडताना मुख्य पंप बंद आणि पाणी सायफनने बाहेर, सम्पात (खालच्या गाळणीच्या टाकीत) नाही. पाइपचे सांधे उघडता येत असतील तर पाइप व्हिनेगरात रात्रभर बुडवा. मग बर्गिया सोडा.